मामाचं सोयाबीन आणि माझं पोर्तुगीज

मी पुण्याच्या विद्यापीठात पोर्तुगीज घेतलं तेव्हा गावात मला कुणीच 'कायले?' असं विचारलं नाही. मामाने सगळ्यांना उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. शेलूबाजारला सोयाबीनचा भाव पडला की व्यापारी म्हणायचे, ब्राझीलमध्ये पीक जास्त झालंय. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात हे मामाला कुठूनसं कळलं होतं. आपली भाची आता तिकडची बातमी थेट वाचून सांगणार, याच्या पुढचा विचार त्याने केलाच नाही. वडील गेल्यापासून आई आणि मी त्याच्याच घरी राहत होतो, त्यामुळे त्याला खोटं पाडणं मला जमलं नाही. खरं कारण एवढंच होतं, की इंग्रजीला माझा नंबर लागला नाही आणि पोर्तुगीजच्या वर्गात जागा रिकाम्या होत्या.

पुण्यातले पहिले चार महिने मी नुसती बुडत होते. वर्गातली बरीच मुलं शाळेत पोर्तुगीजला जवळची असलेली फ्रेंच शिकलेली होती. बाई एक वाक्य बोलायच्या, बाकीचे माना डोलवायचे आणि मी शेजारणीच्या वहीत बघायचे. तोंडी परीक्षेत बाईंनी सकाळी काय खाल्लंस असं विचारलं, तर मी माझं वय सांगितलं. मामाचा फोन आला की मात्र म्हणायचे, "मस्त चाललंय."

जानेवारीत सुट्टीला घरी आले. सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला गाडी येणार होती. संध्याकाळी मामाने फोन माझ्यासमोर धरला. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ब्राझीलच्या कुठल्याशा बातमीचा फोटो आला होता. शेजारचं शेत असलेली काकूही येऊन बसली होती. तिचेही कट्टे त्याच गाडीत जायचे होते.

"वाच बरं काय लिवलं हाय," मामा म्हणाला.

वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती. साफ्रा म्हणजे पीक, सोझा म्हणजे सोयाबीन. विक्रमाचा शब्द इंग्रजीसारखाच होता. मधे 'केब्रा' होतं. केब्रा म्हणजे मोडणं, फुटणं. शब्दकोशात त्याच्याखाली 'पिकातली तूट' असा अर्थ वाचल्याचं मला आठवलं. फोनमध्ये भाषांतराची सोय होती, पण चार महिने शिकून आलेली मुलगी सगळ्यांसमोर फोनला विचारणार? आई दारात उभी राहून कौतुकाने बघत होती.

"विक्रमी तूट," मी म्हणाले. "तिकडचं पीक बुडालं."

"मंग भाव वाढन!" मामाने लगेच गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. काकूनेही कट्टे ठेवून घेतले.

तिसऱ्या दिवशी बाजारातून भाव उतरल्याचं कळलं. मी घरामागे जाऊन ती ओळ फोनमध्ये टाकली. 'सोयाबीनच्या पिकाने विक्रम मोडला.' मोडला होता तो विक्रम, पीक नव्हे. पीक उदंड झालं होतं. मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसले.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी पुढचे चार दिवस सांगितलं नाही. भाव रोज थोडा थोडा उतरत होता आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "थांबा जरा. आपल्या पोरीनं सोता वाचलं हाय." मी अर्ध्या ताटावरून उठायचे. आई कपाळाला हात लावून ताप बघायची. उद्या भाव आपोआप चढेल, मग कुणाला काही कळणार नाही, अशी आशा मी धरून होते. ब्राझीलमध्ये काहीतरी वाईट घडावं असंही मनात आलं. त्याची लाज अजून जात नाही.

पाचव्या दिवशी शेतात गेले. मामा तूर कापत होता. मी सगळं सांगून टाकलं. त्याने विळा खाली ठेवला.

"पक्कं?"

"पक्कं."

"तुले येते का नाही येत ते भाषा?"

"नाही येत, मामा."

"मंग फोनवर काहून सांगून राह्यली होती मस्त चाललं म्हणून?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विळा उचलला आणि पुढची तूर धरली. मी बांधावरून परत निघाले. त्याने वळून पाहिलं नाही.

काकूकडे मी एकटी गेले. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "म्या तुह्या मामाच्या बोलण्यावर नाही थांबली, बाई. तुह्या बोलण्यावर थांबली." दोघांचं सोयाबीन उतरल्या भावात गेलं. माल भरला तेव्हा मी खोलीत दार लावून बसले होते. एकेक कट्टा उचलल्याचा आवाज आत येत होता.

सुट्टी संपली. शेलूबाजारला बसची वाट पाहताना मी आईला म्हणाले, "मी नाही जात आता परत."

"इथं राहून काय करतं? तोंड लपवतं?" आई म्हणाली आणि माझी पिशवी तिने स्वतःच बसमध्ये ठेवली.

पुण्यात पोहोचले तर निकाल लागला होता. तोंडी परीक्षेत मी नापास होते. त्या सत्रात मी पहिल्या बाकावर बसायला लागले. समजलं नाही की हात वर करायचे, वर्ग हसला तरी. बाई कधी वैतागायच्या, कधी तेच वाक्य चार वेळा म्हणायच्या. मे महिन्यात पुन्हा तोंडी परीक्षा दिली आणि कशीबशी पास झाले.

घरी फोन केला. "बरं झालं," मामा म्हणाला, आणि फोन आईकडे दिला. ब्राझीलबद्दल त्याने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.