बाळाची लाथ

दशरथ पालव जोगेश्वरीच्या चाळीत आईबरोबर राहायचा, अंधेरीच्या कारखान्यात फिटर होता आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचा. चौऱ्याऐंशी साली सरावात त्याच्या मित्राची, बाळाची, लाथ त्याच्या जांघेत बसली. तिथली गाठ तेव्हा पहिल्यांदा हाताला लागली. आई, शेवंती, हळदीचा लेप लावत राहिली. गाठ मात्र वाढतच गेली.

शेवटी इस्पितळात ऑपरेशन झालं. कॅन्सर निघाला.

"साहेब, लाथेनंच ना?" दशरथनं विचारलं.

"लाथेनं कॅन्सर होत नाही. लाथेमुळे तुझं लक्ष गेलं, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "जन्मापासून एक गोटी खाली पिशवीत उतरली नव्हती, ठाऊक होतं?"

ठाऊक होतं. लाजेपायी तो कुणाला बोलला नव्हता.

"तीच जांघेत अडकलेली. अशा माणसाला हा धोका जास्त असतो."

"पण मलाच का? अशा सगळ्यांनाच होते का ही गाठ?"

"नाही, बहुतेकांना नाही होत. तुलाच का, ते आम्हाला नाही सांगता येत."

या उत्तरानं तो आणखीच वैतागला. औषधाच्या बाटल्या चढल्या, केस गळाले, अन्नाचा वास नकोसा झाला. चाळीत मात्र प्रत्येकाकडे कारण तयार. कुणी सायकलला दोष दिला, कुणी घट्ट लंगोटाला, कुणी हळूच वाईट सवयीला. शेवंतीचं एकच, "त्या बाळान लाथ मारल्यान, तेनाच झाला ह्या!" तिनं बाळाच्या घरच्यांशी बोलणं टाकलं. बाळानं खेळणं सोडलं.

ते कळल्यावर दशरथ भिंत धरत गॅलरीत आला.

"ऐका सगळे! माझी एक गोटी जन्मापासून उतरलीच नव्हती. कॅन्सर तिथं झाला. बाळाचा काय संबंध नाय!"

बायका झटकन आत गेल्या. "मेल्या, लाज नाय तुका?" शेवंती ओरडली.

"नाय! आता काय लाजायचं राहिलंय?"

दशरथ बरा झाला. वर्षभरानं मैदानावर उतरला आणि बाळालाही ओढून घेऊन आला. शेवंतीनं मात्र बाळाला घरात घेतलं नाही ते नाहीच. बाळाच्या मनातूनही ती लाथ गेली नाही. सरावात दशरथ समोरून चढाईला आला की बाळाचे हात आखडायचे, आणि दशरथ सुटून परत जायचा.

"अरे, पकड ना नीट!" दशरथ चिडून ओरडायचा. "तुझ्यामुळे नाय झालं, किती वेळा सांगू?"

"माहितीये रे," बाळा म्हणायचा, आणि पुढच्या चढाईलाही त्याला सोडून द्यायचा.