गाण्यात देवी नाही

फिनलंडच्या वसंतगीतांवर बोलायचं मी ठरवलं, तेव्हा वर्गात हशा पिकला. हिनं बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, असं मागच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली. ते खरंच होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर शिजवलेली हळद वाळत घालायला जायचे आणि दुपारी सावलीत मोबाईलवर ती गाणी ऐकायचे. खाली इंग्रजी अर्थ दिसायचा. लांबलचक हिवाळ्यानंतर नदीवरचा बर्फ तडकतो, पाखरं परततात, आणि रानात शिरताना गाणारा माणूस आवाज खाली आणतो, कारण रान पवित्र आहे. बस्स, एवढंच. नवस नाही, मागणं नाही. मला हेच फार आवडलं.

एका गाण्याचं मी मराठी केलं. विभागाच्या कार्यक्रमात ते वाचायचं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी दोन-चार वाक्यं नीट करून दिली आणि यात वनदेवी घाल म्हणाले. आपल्या लोकांना पवित्र म्हटलं की देवी लागते, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली, पण देवी घातली नाही.

घरी वाचून दाखवलं, तर बाबा दुसऱ्याच बाजूनं चिडले. आपण बौद्ध. झाडा-दगडापुढं हात जोडणं आजोबांनी सोडलं, त्यासाठी गावाचं काय काय ऐकून घेतलं, आणि आता शिकलेली पोरगी रानाला पवित्र म्हणून राहिली. हे वाचायचं न्हाई, असं त्यांनी सांगून टाकलं.

मला वाईट वाटलं, पण पटलं नाही.

"बाबा, मंग विहारापुढच्या पिंपळाखाली तुमी आवाज काहून खाली आणता?"

त्यांनी भाकर मोडली. "तो आदर हाय. पूजा न्हाई."

"गाण्यात बी तेवढंच हाय."

"लई बोलाया शिकली," म्हणाले आणि ताट सारून उठले. तो होकार नव्हता.

कार्यक्रमात सरांनी माझं नाव पुकारलं आणि आता वनदेवीचं वसंतगीत ऐकू या, असं जाहीर केलं. मी माईकजवळ गेले.

"सर, गाण्यात देवी नाही. नदी आहे, रान आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. तोंडी परीक्षा तेच घेणार होते, हे मला माहीत होतं. तरी मी एकही शब्द न बदलता वाचत गेले. 'पवित्र' आला तिथं माझा आवाज फाटला, म्हणून ती ओळ मी पहिल्यापासून पुन्हा वाचली.