मंगळाच्या हवेतला खड्डा

"वरचा दाव पयला." कोणीही कसलाही आलेख घेऊन गेलं की ताई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायच्या. शाबासकी मागायला गेलेला माणूस वरच्या उंचीचा आलेख आणायला परत फिरायचा. मीही फिरलोय. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. समोर असली की नकोशी वाटतात.

बेलापूरच्या आमच्या कार्यालयात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाची मोजमापं यायची. यान मंगळाच्या कडेच्या हवेतून सूर्याकडे बघतं. त्या हवेतला प्रत्येक वायू अवरक्त प्रकाशातला आपापला वाटा खातो आणि आलेखात तेवढ्या जागी खड्डा पडतो. दिवाळे गावाहून येताना रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या घालणाऱ्या ताई मग दिवसभर हे खड्डे शोधत बसायच्या. त्यांना एकच हवा होता, तिथल्या विरळ हवेतल्या हायड्रोजन क्लोराइडचा. तोही निवृत्तीआधी.

दोन महिने उरले असताना तो सापडला. फेरीमागून फेरी, त्याच जागी. साहेबांनी पेढे मागवले. ताईंनी पेढा नुसता हातात धरला. दुपारभर एकट्याच बसल्या आणि मग मला हाक मारली. जिथे हवाच नाही इतक्या उंचीवरच्या, म्हणजे ताईंच्या त्या 'वरच्या' आलेखातही खड्डा होता, आणि तेवढाच खोल. म्हणजे तो मंगळाचा नव्हता, आमच्याच यंत्राचा होता.

"ताई, शंका म्हणून तरी अहवालात राहू द्या ना."

"नाय रं. जो नाय तो कसा दावाचा?"

ते पान त्यांनी स्वतःच काढलं. मला त्यांचा फार राग आला. निरोपाच्या दिवशी म्हणाल्या, "खरा गावला तं फोन कर."

मी केला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि नुसतं 'कशा आहात' विचारायलाही फोन करता येतो, हे सुचलंच नाही.

गेल्या आठवड्यात खड्डा दिसला. हवेबाहेर रेघ सरळ, आणि नजर खालच्या थरांत उतरेल तसा तो खोल होत जाणारा. चार वेळा तपासलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला फक्त ताई हव्या होत्या.

फोन त्यांच्या भावाने उचलला. ताई जाऊन सहा महिने झाले होते. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. तरी मी भावाला सगळं सांगितलं, अगदी खड्ड्याच्या खोलीसकट.

"आजारात रोज इचारायची," ते म्हणाले, "हापिसाचा फोन आला काय? आमी बोलाचो, येल गो, आज ना उद्या येल."