गालगाल गागालगा

अलिबागच्या कोर्टात मी नक्कल-कारकून होतो तेव्हाची गोष्ट. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि संध्याकाळी वाडीतल्या भाड्याच्या खोलीत रेडिओ जुळवत बसायचं, असा माझा दुहेरी संसार होता.

रेडिओ म्हणजे काय, तर मुंबईच्या चोरबाजारात लढाईतल्या उरल्यासुरल्या सामानाच्या ढिगातून उचललेले दोन व्हॉल्व्ह, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेले. एरियल म्हणून दोन पोफळींमध्ये ताणलेली तांब्याची तार. आणि करवतीच्या मोडक्या पात्याला कपाटाची मूठ ठोकून केलेली, संदेश पाठवायची कळ. डब्यावर बिस्कीट खाणाऱ्या मुलीचं चित्र तसंच होतं. दूरदूरचे हौशी लोक एकमेकांशी बोलताना ऐकायला एवढा थाट पुरत असे. पण मला नुसतं ऐकायचं नव्हतं, बोलायचं होतं. त्याला सरकारचं लायसन्स हवं, लायसन्सला परीक्षा, आणि परीक्षेत मोर्स.

मोर्स म्हणजे आखूड आणि लांब आवाजांची भाषा. ती शिकायला पिंपिं वाजणारं यंत्र लागे. ते विकत आणलं असतं तर त्या महिन्यात आम्हांला भाताशिवाय जेवावं लागलं असतं.

आमच्या हेडक्लार्कना कुणकुण लागली तेव्हा ते पानाला चुना लावत म्हणाले, "अहो, हे बंगलेवाल्यांचे खेळ. तुम्ही आपली नक्कल करा."

झालं. तोवर परीक्षा द्यावी की न द्यावी असं चाललं होतं, ते तिथेच संपलं. आता द्यायचीच.

आणि मग मला शाळेतली वृत्तं आठवली. त्या विषयाने मला शाळेत फार छळलं होतं. लघु म्हणजे ल, गुरू म्हणजे गा. आखूड आणि लांबच की! तीन-तीन अक्षरांचे गण आठ: य, म, त, र, ज, भ, न, स. मोर्समध्येही तीन-तीन आवाजांची अक्षरं नेमकी आठ. मी आनंदाने असा उठलो की डोकं फळीवर आपटलं आणि हिंगाची डबी खाली आली.

यंत्राच्या जागी बायको बसली. विळीवर नारळ खवता खवता ती म्हणायची, "लगाल."

"ज!"

"गालगा."

"र!"

"ललल. अहो, ललल! लक्ष कुठंय?"

"न! न!"

"तुमच्याआधी मलाच पाठ झालं सगळं."

जगातल्या कुणालाही हाक मारायची तर इंग्रजी सी आणि क्यू ही अक्षरं पाठवायची. आमच्या भाषेत ते व्हायचं 'गालगाल गागालगा'. हे आम्ही दोघं इतक्या वेळा म्हणत असू की आमच्या संसाराला नव्याने बहर आलाय, असा शेजाऱ्यांचा समज झाला. मी तो मोडला नाही.

रेवसहून लाँचने मुंबईला गेलो. परीक्षेच्या खोलीत यंत्र वाजू लागलं आणि मी लिहीत सुटलो. बाकीचे घाम पुसत होते. मी शेवटच्या अक्षराबरोबर पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे दयेने पाहिलं.

परीक्षकांनी माझा कागद आधी सुलटा पाहिला, मग उलटा. "हा शब्द 'वर्क' होता. तुम्ही वाय, एम, जे, आर लिहिलंय. हा यमजर कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लगाल ऐकलं की मनात ज यायचा आणि हात जे लिहून मोकळा व्हायचा. मोर्समध्ये लगाल म्हणजे आर. गालगा ऐकून मी आर लिहिला होता, तिथे हवा होता के. पानभर असंच.

"साहेब, ऐकण्यात चूक एकही नाही. फक्त नावं वेगळी आहेत."

"नावंच विचारली होती," ते म्हणाले. "हे गणबिण विसरा. यंत्र घ्या, मुळापासून शिका. जमत नसेल तर नाद सोडा."

मी यातलं काहीच करणार नव्हतो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी पदर तोंडाला लावून मनसोक्त हसून घेतलं, मग म्हणाली, "मग ज म्हणूच नका ना. लगाल ऐका नि थेट आर लिहा. मधे दलाल कशाला?"

पुन्हा विळी, पुन्हा नारळ. या खेपेला दलाल नाही.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक तेच. यंत्र सुरू होणार एवढ्यात ते माझ्याजवळ आले. "मागच्या वेळी तुम्ही पुटपुटत होता. ओठ हलवू नका."

ओठ मिटले की माझे कानही मिटत. आता गप्प बसलो तर कायमचाच गप्प बसणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी उभा राहिलो. कोर्टातल्या कारकुनाला दुसरं काही येवो न येवो, एक प्रश्न येतो.

"साहेब, कुठल्या नियमात?"

त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, मागून पुढे आणि पुढून मागे. "नियमात नाही."

"मग हलतील."

मला व्हरांड्यात, दाराबाहेर बसवलं. तिथे कावळे होते, त्यांचं मोर्स वेगळंच चाललं होतं. तरी मी ओठ हलवत, मान डोलवत, पानभर लिहिलं. पास झालो.

पोलिसांची चौकशी होऊन लायसन्स यायला बराच काळ गेला. आलं त्या संध्याकाळी मी कळ हातात घेतली आणि जगाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा दार वाजलं. वाडीचे मालक, कमरेला पंचा, चेहरा लाल.

"ओ भाऊ, काय लावलंय? मी रेडिओवर बाजारभाव ऐकतोय. सुपारी म्हनला नि पुढं नुसती कटकट!"

"म्हणजे ऐकू आलं?"

"ऐकू आलं म्हंजे? कानठळ्या बसल्या!"

बायकोने त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, पण राग गिळला नाही. मी लायसन्सचा कागद नाचवला.

"लायसन सरकारचा, वाडी माझी हाय," ते म्हणाले.

"भाव संपेपर्यंत थांबतो," मी म्हटलं. "त्यानंतर मात्र पोफळी तोडल्यात तरी थांबनार न्हाय." रागाच्या भरात माझंही न्हाय झालं.

ते पंचा आवळत निघून गेले. आम्ही दोघं कळीपाशी बसून राहिलो. खोली सोडावी लागते की काय, असं बायको नुसत्या डोळ्यांनी विचारत होती. मी कळीवरचा हात काढला नाही.

थोड्या वेळाने वाडीपलीकडून आरोळी आली, "झाले भाव! मारा आता काय बोंब मारायची ती!"

मी मारली.