कासवापुढे कंदील जवळ आणायला कोण म्हणालं?

कुठलंही लग्न असो, आमच्या थोरल्या जाऊबाई हळदीला बसल्या की सांगणार, "धाकटीच्या कंदिलामुळे कासवीण परत फिरली." इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता पुरे. ग्रुपवरच्या बाकीच्यांना नमस्कार. मी दुसरीपर्यंत शिकलेली, चुका काढत बसू नका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांची मेटॅडोर लासलगावहून कांदा वाहायची. थंडीत एकदा गाडी रिकामी होती, तर सासूबाई म्हणाल्या, "डोळे आहेत तोवर समुद्र दाखव." मागे सतरंजी टाकून आम्ही तिघी बसलो, सोबतीला कांद्याचं पोतं. घोटीला चहा, मग कसारा घाट, पनवेल आणि पुढे गोव्याचा रस्ता.

तुम्ही गेलात तर महाडला नदीच्या पुलावर थांबा. खाली वाळूत ओंडके पडले होते. ह्यांनी खडा मारला, तर एक ओंडका उठून पाण्यात गेला. मगर!

सासूबाई म्हणाल्या, "काय बघितलं तेच कळलं नाय." पुढे प्रवासभर माझीही तीच गत.

मंडणगडकडे नुसती वळणं. लिंबू जवळ ठेवा. समुद्राकाठी ह्यांच्या ओळखीचे बापू राहायचे, त्यांच्याकडे उतरलो. भाडं घेतलं नाही, पोतं ठेवून घेतलं. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. माळकरी सासूबाईंनी मासा बाजूला काढला आणि रस्सा भुरकला.

पहाटे बापूंनी उठवलं. "कासवीण वर येते. अंडी घालीपर्यंत गप ऱ्हावा. बुजली तर परत जाईल."

पाण्यातून परातीएवढं कासव ओढत ओढत वर येत होतं. आम्ही नाशिकची माणसं. कासव म्हटलं की देवळातलं, दगडाचं. त्याला हळदकुंकू वाहायचं आणि मग देवाकडे जायचं. सासूबाईंनी कनवटीची पुडी काढली. "थोरले, वाहा. देव चालत आलाय."

जाऊबाई थेट तिच्या तोंडापुढे वाकल्या. मी कंदील घेऊन मागे.

"जवळ आण गं, कुंकू कुठं लागतंय दिसत नाय!"

मी आणला. कासवीण थबकली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. जाऊबाई म्हणाल्या, "रडतेय बघा."

"रडत नाय, डोळं धुते वाळूचं," बापू म्हणाले, तोवर ती वळली आणि पाठीवर कुंकू घेऊन पाण्यात गेली.

"झालं! आता आज नाय यायची," बापूंनी कपाळाला हात लावला. मागे त्यांची बायको टोपली घेऊन उभी. मला वाटलं, फुलांची असेल.

"अंड्यांना आणली होती," ती म्हणाली. "निम्मी आम्ही खातो, निम्मी ठेवतो."

मी वाळूत तशीच उभी. अंडी पडली असती तर निम्मी चुलीवर गेली असती. पडली नाहीत, तर सगळीच गेली. का पुढच्या किनाऱ्याला जाऊन घातली? आम्ही वाचवलं का नासवलं? बापूंना विचारलं, ते म्हणाले, "तिलाच इचारा."

घरी आल्यावर सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, देवाने दर्शन दिलं. जाऊबाई सांगत सुटल्या, धाकटीने घालवलं. मी मात्र अजून देवळात दगडी कासवाच्या तोंडापुढून जात नाही, वळसा घालते. पुजारी विचारतो, मी म्हणते, गुडघा दुखतो.

कंदील माझ्या हातात होता, कबूल. पण "जवळ आण" कोण म्हणालं? ह्याचं उत्तर थोरल्या जाऊबाईंनीच खाली लिहायचं, आणि स्वतःच्या हाताने. सुनेला बसवू नका.