ठीक दिसतंय

हे तोंडातून बाहेर काढायला मला इतकी वर्षं लागली. आणि आत्ताही, लिहिताना, मी खोलीची कडी दोनदा तपासून आलेय. पलीकडे बाबा पेपर वाचत बसलेत. त्यांना कळलं तर? रोज सकाळी डोळे उघडले की आधी हाच प्रश्न समोर उभा असतो. मला ओळखणाऱ्या एकाही माणसाला मी हे सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस होतंय — बघू, शेवटपर्यंत टिकतं का.

आधी मी कोण ते सांगते. क्रांती चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास आहे, रशियन भाषेचा. डॉक्टर व्हायला तिकडं निघालेली आपल्याकडची पोरं माझ्याकडे तीन-चार महिने येतात, अक्षरं गिरवतात, ‘कुठं दुखतंय’ आणि ‘खोल श्वास घ्या’ एवढं शिकून विमानात बसतात. थंडीत वेरूळला रशियन पर्यटक आले की गाडीवाले मलाच फोन करतात. मी स्वतः डॉक्टरकीला नव्हते गेले. मी भाषा आणि संस्कृती शिकायला गेले होते, व्होल्गेकाठच्या एका शहरात, चार वर्षं. घरच्या लग्नाकार्यात अजूनही कुणीतरी ओळख करून देतं — ही आमची रशियावाली. पूर्वी मला ते ऐकायला फार आवडायचं. मुद्दाम पुढे पुढे करायचे. आता कुणी तसं म्हणालं की मी विषय बदलते.

बाबा कन्नडला झेडपीच्या शाळेत मास्तर होते. अय्याज त्यांचा विद्यार्थी. अभ्यासात यथातथा, पण बाबांचा लाडका — शाळेची मोडलेली बाकं जोडून द्यायचा. पुढे तो वेल्डिंग करायला लागला. त्याचे मोठे भाऊ, रफीकभाई, बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान चालवतात. मी तिकडं तिसऱ्या वर्षाला असताना एका एजंटानं अय्याजला रशियात गोदामात काम लावून दिलं, आणि ते गोदाम निघालं नेमकं माझ्याच शहराच्या कडेला. बाबांना केवढा आनंद झाला. त्याच्याबरोबर त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवली आणि त्याला माझा नंबर दिला. म्हणाले, काही अडलं तर तिला विचार, तिला तिथलं सगळं वाचता येतं.

अय्याज हॉस्टेलच्या दारात आला तेव्हा त्याच्या अंगात दोन स्वेटर होते आणि वर कुणाचं तरी ढगळं जाकीट. बाहेरूनच पिशवी पुढे केली, तर दारावरची म्हातारी बाई त्याच्यावर खेकसली. रशियन माणसं उंबऱ्यावरून काही देत-घेत नाहीत. हातसुद्धा मिळवत नाहीत, वाईट होतं म्हणतात. मी त्याला ते समजावलं. तो हसला, बुटावरचा बर्फ झटकून आत आला आणि दोन्ही हातांनी पिशवी दिली.

“आपल्यासारखंच हाय की मग इथं बी,” तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, थोडं रशियन शिकून घे. त्यानं मान हलवली. “मला नाय जमायचं ताई. तुम्ही हायेत की.”

बघा, मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. येते. मला कळतंय मी टाळतेय.

मी स्वतःला बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आले — की तेव्हा माझं रशियन कच्चं होतं. तिसऱ्या वर्षाची मुलगी, तिला कायद्याची भाषा कुठून कळणार? ऐकायला किती बरं वाटतं, नाही का? अजाणतेपणी चूक झाली म्हणायला मोकळं. पण ते खोटं आहे. आमच्या शिक्षिका होत्या, तमारा पेत्रोव्हना. (तिकडं ‘बाई’ म्हणत नाहीत, नावापुढे वडिलांचं नाव जोडून हाक मारतात.) त्या आम्हाला सरकारी कागद वाचायला शिकवायच्या. कागद हातात आला की आधी तो कुणाचा आहे ते बघा, मग सही कुणाची लागणार आहे ते बघा, मधलं सगळं नंतर — असं त्यांचं सांगणं. त्या पेपरात मला पाचपैकी पाच मिळाले होते. वर्गात दोघांनाच मिळाले होते. मी घरी फोन करून सांगितलं होतं.

तर, तीन महिन्यांनी, एका दुपारी, मी लायब्ररीत बसले होते. मोबाईलवर एकामागून एक चार फोटो आले. चार पानं. खाली अय्याजचा निरोप — ताई, नवीन करार हाय म्हणतेत, पगार वाढतोय, जेवणाच्या सुट्टीनंतर सही करायचीय, जरा बघून सांगता का?

कागद कुणाचा, ते पहिल्या ओळीतच होतं. मला शब्दकोश उघडावा लागला नाही. हॉस्टेलसमोर ट्रामच्या थांब्यावर एक मोठी जाहिरात होती — वर्दीतला माणूस, खाली पगाराचा आकडा, आणि डोक्यावर हीच ओळ. रोज ट्रामची वाट बघत मी ती वाचत उभी राहायचे. तो फौजेत भरती व्हायचा करार होता. गोदामाचा शब्दही नव्हता त्यात. आणि लढाई चालू होती.

म्हणजे मला कळलं होतं. सगळं नाही, पण जेवढं कळायला हवं तेवढं पूर्ण कळलं होतं.

मग मी काय केलं असेल, असं तुम्हाला वाटतं?

मी टाईप केलं — सही करू नकोस. तीनच शब्द. बोट नुसतं टेकवायचं बाकी होतं. आणि तिथंच मी अडले. सत्राच्या सुरुवातीला आम्हा परदेशी मुलांना एका हॉलमध्ये बसवून सांगितलं होतं, फौज आणि लढाई या विषयावर मोबाईलवर एक अक्षर लिहायचं नाही. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आठ दिवसांत सामान बांधून मायदेशी गेला होता. का गेला, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. माझे व्हिसा वाढवायचे कागद नेमके याच आठवड्यात कार्यालयात पडले होते. अय्याजचा मोबाईल एजंटानं हातात घेतला तर? वर माझं नाव, माझा नंबर, माझे शब्द. मला परत पाठवलं तर? पदवीशिवाय क्रांती चौकात कोणत्या तोंडानं उतरायचं — रशियावालीनं?

मी ते तीन शब्द पुसले.

त्याचा फोन आला. टेबलावर मोबाईल थरथरत राहिला, समोरच्या मुलीनं वर बघितलं. मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. इथं मी थांबले असते, गप्प राहिले असते, तरी एक वेळ — त्यानं कदाचित सही उद्यावर ढकलली असती. ताईनं अजून वाचलं नाही म्हणाला असता. तो तसा अडून बसणारा होता, बाबा सांगतात. पण मला तो फोन बंद व्हायला हवा होता. ते चार फोटो माझ्या मोबाईलवरून जायला हवे होते. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

मी लिहिलं — ठीक दिसतंय.

त्याचं लगेच उत्तर आलं. मेहरबानी ताई. पुढे जोडलेले हात.

मी सगळं पुसून टाकलं, फोटोसुद्धा. मग खालच्या कँटीनमध्ये जाऊन बीटचं सूप प्यायले. भूक लागली होती मला. हेही सांगायला हवं.

नंतर रफीकभाईंना त्याचा एकच फोन आला, कुठल्याशा फौजी तळावरून, नेमका कुठला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यानंतर काही नाही. मी परीक्षा दिली, पुढच्या वर्षी पदवी घेतली, परत आले. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. आणि महिन्याभरातच ते रफीकभाईंना घेऊन घरी आले. रफीकभाईंच्या हातात प्लास्टिकची फाईल होती, तिच्यात अय्याजच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि शाळेतला फोटो. बाबा म्हणाले, तिकडच्या कचेऱ्यांना रशियन भाषेत अर्ज करायचेत, आपल्याकडे तुझ्याशिवाय कोण आहे?

कोण आहे? कुणीच नाही. हेच तर.

मी अर्ज लिहायला घेतला. रफीकभाई सांगत होते, मी मान खाली घालून उतरवत होते. मग ते म्हणाले, “मॅडम, येक गोष्ट जरूर लिहा. त्यानं फोनवर सांगितलं व्हतं — भाईजान, फिकर नका करू, कागद जाणत्याला दाखवूनच सही केली. मंग ह्यो जाणता कोन? कौन होगा वो? ज्यानं माझ्या भावाला फसवलं, त्याचा पत्ता तर लागू द्या.”

अय्याजनं नाव सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं? मी किती रात्री त्याचा विचार केलाय, विचारू नका. बहुतेक त्याला ते महत्त्वाचंच वाटलं नसेल.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, सहजच. “तुला काही विचारलं होतं का गं त्यानं?”

“नाही,” मी म्हणाले. “चटणी देऊन गेला, पुन्हा संपर्कच नाही झाला. जाणता म्हणजे एजंटचाच माणूस असेल.”

रफीकभाईंनी मान डोलावली. बाबांनीही.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. तो मजकूर मी अर्जात घातलाच नाही. फसवून सही घेतली, भाषा येत नसताना खोटं सांगून घेतली — त्याला सोडवायला उपयोगी पडेल असं तेच एक होतं, आणि ते मी गाळलं. कुणी चौकशी केली तर? कुणी त्याचा जुना मोबाईल तपासला तर? म्हणून गाळलं. पण अर्ज वाचून दाखवताना मात्र मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, कागदावर बोट फिरवत, मराठीत, जसंच्या तसं. रफीकभाईंचे डोळे भरून आले. म्हणाले, बरोब्बर लिवलं मॅडम.

असे आजवर नऊ अर्ज झाले. नऊही वेळा मी ते वाक्य वाचून दाखवलं. एकाही अर्जात ते नाही.

ईदला त्यांच्या घरून स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा येतो. मी पैसे घेत नाही ना, म्हणून. बाबा चारचौघांत सांगतात, आमच्या पोरीनं त्या कुटुंबासाठी किती केलं. मी खाली बघते, लोकांना तो विनय वाटतो. मोबाईलवर रफीकभाईंचं नाव आलं की मी आधी दार लावून घेते. दर वेळी वाटतं, कळलं. आज कळलं त्यांना. तो परत यावा म्हणून मी अर्ज लिहायचे आणि तो परत आला तर काय, या भीतीनं त्याच टेबलाशी बसून राहायचे. दोन्ही खरं होतं का? होतं. पण कुठलं जास्त खरं होतं, ते मला गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं.

मंगळवारी दुपारी क्लास चालू होता. फळ्यावर मी शरीराच्या अवयवांची नावं लिहीत होते. रफीकभाईंचा फोन आला. मी बाहेर जिन्यात गेले.

“मॅडम, अय्याज मिल गया! सापडला! जिंदा है मॅडम, अस्पतालमंदी हाय, तिथून नर्सनं फोटू पाठवलाय!” ते रडत होते, मागे दुकानात कुणीतरी मोठ्यानं अल्लाचे आभार मानत होतं.

मी विचारलं, “बोलतो का तो?”

हा माझा पहिला प्रश्न होता. कसा आहे, नाही. कुठं लागलं, नाही.

“नाय मॅडम, अजून नाय. जबड्याला लागलंय, तारा बांधल्यात. बोलाया लई टाईम लागंल म्हणतेत.”

आणि मला हायसं वाटलं. जिन्यातल्या कठड्याला धरून मी उभी होते आणि मला खरोखर, छाती भरून हायसं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग माझ्या डोक्यात आलं, आणि मी विचारलं, “आणि हात? हाताला काही लागलंय?”

रफीकभाईंना अजून भरून आलं. म्हणाले, “सख्ख्या भनीनं येवढं नसतं इचारलं. नाय मॅडम, हात सलामत हायेत. परवा कागदावर आमचं नाव लिवून दाखवलं त्यानं नर्सला.”

मी म्हणाले, “बरं झालं.”

मला बरं वाटलं नव्हतं.