नाकेबंदीतली सूट

श्री. कामतसाहेबांशी माझी पहिली भेट सुखद नव्हती. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याची आर्थिक नाकेबंदी चालू होती. सीमेपलीकडे माल नेण्यास बंदी होती. प्रवाशाला स्वतःपुरते औषध नेण्याची तेवढी सूट होती. सवलतीचे अर्ज कामतसाहेब पाहत. मी औषधनिर्मितीची पदविका घेऊन मालवणच्या एका दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते.

शेजारच्या शाळेतील शिक्षिका रोझिनबाई यांची आई पलीकडे मधुमेहाने आजारी होती आणि तिथे इन्सुलिन मिळेनासे झाले होते. "साखर माकाच आसा म्हणान सांग," असा सल्ला बाईंना सगळ्यांनी दिला. त्यांनी तसाच अर्ज केला. साहेब त्यांना घेऊन दवाखान्यात आले आणि त्यांनी मला विचारले, "यांना मधुमेह आहे?"

"नाही," दवाखान्याची नोंदवही पाहून मी म्हणाले.

बाई भडकल्या. "दोगांय खरा बोलणारी! माजी आवस मात्र मरतली."

साहेबांनी ऐकून घेतले. कचेरीत ते प्रमाण मराठी बोलत, नकार मात्र मालवणीत देत. "नियम मी करूक नाय, बाये. पण माका तो वाचूक येता. औषध थंय जावचा नाय, तुजी आवस हंय येवक शकता. रोग्याक उपचाराक येवची सूट आसा. परत जावक मेळात काय, ता मात्र माका सांगूक येवचा नाय."

हे शेवटचे वाक्य त्यांना गिळून टाकता आले असते.

बाईंच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीत बसवून, उचलून नाक्यावर आणले, तेव्हा साहेब उन्हात उभे होते. ती जगली. परतीची परवानगी मात्र दरवेळी नामंजूर होई. बाजारात गाठून ती त्यांना म्हणे, "तुज्या कायद्यान माका जगयल्यान, पण माजा घर खंय आसा रे?" आपण आधीच बजावले होते, असे साहेबांनी एकदाही म्हटले नाही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ते तिचे छप्पर शाकारले का, ते विचारत आणि उत्तर तिला नेऊन सांगत. सवलत दिली म्हणून देणाऱ्याचे काम संपत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

अखेर सीमा मोकळी झाली. म्हातारी औषधासह आपल्या घरी गेली. त्या दिवशी साहेब रजा काढून दिवसभर झोपले, असे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगतात.

साहेबांनी साठी गाठली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि तशी झोप रोज लागो.